निळ्या कॅसेटमधलं चौथं गाणं

आयुष्यात मी पुष्कळ कॅसेटी विकत घेतल्या, पुष्कळ भरून घेतल्या. बहुतेकींचं रडगाणं एकच. दोन गाणी ऐकण्यासारखी आणि बाकीची लांबच्या पाहुण्यांसारखी सोसून घ्यायची. तिसरं गाणं लागलं की बोट आपोआप पुढं पळवायच्या बटणाकडं जायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही गाणं गाळावंसं वाटत नाही, असे अल्बम मला चार-पाचच भेटले. त्यातल्या एकात मी स्वतः हात घालून तो बिघडवला, आणि तोही सख्ख्या बहिणीसाठी भरून घेताना. तीस वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आम्ही शहराच्या गारखेडा भागात राहायचो. बारावी झाल्यावर तिला पुढं शिकायचं होतं, पण घरात शिवणक्लास ठरला. क्लास गुलमंडीच्या बाजाराजवळ, एका रेकॉर्डिंगच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. खाली दिवसभर गाणी भरली जायची आणि ती फरशीतून वर यायची. पण वर दहा-बारा मशिनी एकदम चालायच्या, त्यात गाणं बुडून जायचं. बाई काही समजावून सांगायला लागल्या किंवा लाईट गेल्यासारखं सगळ्याच जणी एकदम थांबल्या, की मध्येच दोन ओळी स्पष्ट ऐकू यायच्या. पुन्हा खडखडाट सुरू.

त्या वर्षी दुकानात एक गझलांची रेकॉर्ड आली होती. कव्हर निळं, गझला आठ. दुकानदाराला ती इतकी आवडली की कुणाची ऑर्डर नसली तरी लावून बसायचा. अक्कानं ती वर्षभर तुकड्यातुकड्यांनी ऐकली. कुठला तुकडा कुठल्या गझलेचा, आधीचं काय, नंतरचं काय, तिला काहीच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता मला म्हणायची, "आज एक लई भारी ओळ घावली बघ." आणि तेवढीच ओळ दहा वेळा गुणगुणायची.

पुढं तीन-चार वर्षांनी तिचं लग्न ठरलं. सोयगावचं शेतकरी घर, कपाशीची जमीन. रुखवतात काय काय मांडायचं याच्या चर्चा सुरू झाल्या. मावशीनं नारळाचे नवरा-नवरी केले, वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला. अक्काला विचारलं तर ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मला ती निळी रेकॉर्ड भरून दे. पण अख्खी, बरं का. मला एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचीय."

तिनं माझ्याकडं आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

मी दुकानात गेलो. दुकानदार साठीचा, गळ्यात नेहमी मफलर. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या काळापासून त्याच्या वडिलांचं तिथं ग्रामोफोनचं दुकान होतं, आणि गाण्यांच्या बाबतीत त्याचे कायदे त्या काळातलेच होते. तोवर मी ती रेकॉर्ड तिथं उभ्यानं दोन-तीनदा पूर्ण ऐकली होती. मी म्हणालो, "चाचा, सात गझला भरा. चौथी गाळा, तिथं हे वेगळं गाणं." आणि त्याच गायकाचं एका सिनेमातलं गाणं सांगितलं. डफाच्या तालावरचं, मध्ये शिट्टी असलेलं.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "नक्को मियां. भरींगे तो पूरी भरींगे. आधी रोटी चबाके मेहमान के सामने रखते क्या?"

मग मी खोटं बोललो. म्हणालो, लग्नाचं घर आहे, चौथ्या गझलेत कबरीवरच्या दिव्याचा उल्लेख येतो, घरातली मोठी माणसं नको म्हणताहेत. त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. "शादी का घर है तो बात अलग," म्हणाला आणि त्यानं कोरी कॅसेट काढली.

घरच्या कुणीही असं म्हटलं नव्हतं. कुणाला त्या गझलेत काय आहे हेही माहीत नव्हतं. खरं कारण इथं लिहितानाही मला जड जातं. सिनेमातलं ते गाणं माझं लाडकं होतं. मला वाटलं, सोयगावला ही कॅसेट वाजेल, चौथं गाणं लागलं की सगळे माना डोलावतील, अक्का म्हणेल, यातलं चौथं तर सगळ्यांत भारी. तेव्हा मी हळूच सांगेन, ते मी घातलंय. एवढ्यासाठी. वीस वर्षांच्या माणसाला आपली आवड कुणीतरी वाखाणावी याची भूक असते, हे मला समजतं. पण ती भूक मी बहिणीच्या ताटात हात घालून भागवली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी कॅसेट दिली आणि देताना तिच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे पकडीनं मोडले. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा दुसरं काही भरता येत नाही. "अब इसकू कोई नहीं मिटा सकता," ते कौतुकानं म्हणाले. आतल्या निळ्या कार्डावर गाण्यांची यादी मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिली, चौथ्या ओळीसकट.

लग्नानंतर अक्का राखीला पहिल्यांदा माहेरी आली. मी तिच्या बोलण्याची वाट बघत होतो. चहा होईपर्यंत धीर धरला, मग विचारलं, "कॅसेट ऐकतेस का?"

"रोज," ती म्हणाली. "अरे, काय सांगू तुला! एक संपलं की दुसरं त्याचंच भावंड असल्यागत येतं. सासूबाई म्हणतात, हिनं हुंड्यात गवई आणला." मग ती थांबली. "फक्त ते चौथं. त्याला काय झालतं कुणास ठाऊक. एवढा शहाणा गाणारा, मधीच शिट्ट्या मारतोय. ते लागलं की मी दूध बघायला उठते."

मी चहाचा कप तोंडाला लावून बसलो.

"असू दे," तिनंच गायकाला माफ करून टाकलं. "माणूस हाय. आठातलं एक बिघडणारच."

त्या क्षणी सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. मी नाही सांगितलं. आणि त्याच बैठकीत तिनं पुढचं विचारलं, "क्लासला असताना एक ओळ ऐकलेली बघ मी. ती यात न्हाई. दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डची असंल का रं?" तिनं ती गुणगुणून दाखवली.

ती चौथ्या गझलेची होती. कबरीवरच्या दिव्याच्याच पुढची ओळ. मी म्हणालो, "असेल कुठली तरी."

त्यानंतर किती राख्या झाल्या, किती भाऊबिजा. दर वेळी ती विचारायची, "घावली का रं ती ओळ?" आणि दर वेळी मी नाही म्हणायचो. मी बँकेत नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, अक्काची मुलं शिकून पुण्याला गेली. निळी कॅसेट मात्र वाजत राहिली. तिची फीत एकदा टेपरेकॉर्डरनं गिळली, तेव्हा अक्कानं पेन्सिलीनं गुंडाळून, तुटली तिथं नेलपॉलिशनं चिकटवून ती जगवली. सगळं जगवलं, त्यात माझी शिट्टीही. मी स्वतःची समजूत घालायचो की रेकॉर्ड आता कुठं मिळणार? दुकान बंद झालंय, चाचा गेले, सांगून तिला नुसती हळहळ. आपण दिलेलं दुःख आपणच टाळतोय असं भासवण्याची ही युक्ती मला चांगली जमली होती.

गेल्या हिवाळ्यात मुलीनं माझ्या मोबाइलवर गाण्यांचं ॲप टाकून दिलं. मी सहज त्या गायकाचं नाव लिहिलं. पडद्यावर नखाएवढं निळं कव्हर उमटलं. आठच्या आठ गझला, त्याच क्रमानं. माझी शेवटची सबब संपली. सकाळी गच्चीवर बसून मी चौथी ऐकली आणि खाली येऊन बायकोला सांगितलं, "मी रविवारी सोयगावला जाऊन येतो."

"काय काम काढलं?"

"एक गाणं द्यायचंय अक्काला."

"मग व्हॉट्सॲपवर पाठवा की!"

ते बरोबरच होतं. पण असलं काही व्हॉट्सॲपवर पाठवायचं नसतं, एवढं मला कळत होतं. एस.टी.त बसून मी पहिलं वाक्य जुळवत राहिलो. सिल्लोडपर्यंत तीन वाक्यं झाली, अजिंठ्याला गाडी थांबली तोवर तिन्ही खोटी वाटायला लागली.

अक्काच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीच्या चौकटीपर्यंत कापूस भरलेला होता. भाव वाढायची वाट बघत ठेवलेला. दाजी दारातच होते. "या पाव्हणं, बसा. एवढी मोठी गादी तुमच्या बँकेच्या मॅनेजराकडं बी नसंल." आम्ही तिघं त्या कापसात अर्धे बुडून बसलो. अक्का हातानं कापसातला कचरा वेचत होती, बोलताना तिला रिकामं बसवत नाही.

मी जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणालो, "अक्का, ती चौथी गझल. गाणाऱ्याची चूक नव्हती. ती मी केली."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. दुकान, चाचा, कबरीचं खोटं कारण, खरं कारण. आणि शेवटी, ती ओळ कुठली आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही. सांगताना मी कापसाकडं बघत होतो.

अक्का वेचायची थांबली होती, एवढंच दिसलं.

"लाव," ती म्हणाली.

"चौथं?"

"पहिल्यापासून लाव. अख्खी."

मी छोटा स्पीकर आणला होता. कापसामुळं खोलीत आवाज अजिबात घुमत नव्हता, गाणारा जणू आमच्यातच मांडी घालून बसलाय असं वाटत होतं. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात अक्का नेहमीच्या सवयीनं पुढच्या ओळी गायकाच्या आधी पुटपुटत होती. तिसरं संपलं आणि ती गप्प झाली. चौथं सुरू झालं. पहिला शेर गेला, दुसरा गेला, आणि मग ती ओळ आली.

"हीच!" अक्का एवढ्या जोरात ओरडली की अंगणात वेचणीच्या हिशोबासाठी उभ्या असलेल्या दोन बाया दारातून डोकावल्या. "हीच की ती! आन् पुढं बी हाय की रं हिला! मी समजत होते तेवढीच हाय!"

तिनं ती ओळ गायकाबरोबर म्हटली. आणि पुढच्या ओळी, ज्या तिनं कधीच ऐकल्या नव्हत्या, त्या तोंड उघडं ठेवून ऐकल्या. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा चेहरा असा होताना मी पाहिला नव्हता. क्लासातल्या मशिनी जणू एकदम थांबल्या होत्या आणि पुन्हा सुरूच होत नव्हत्या.

गझल संपल्यावर तिनं कापसाची मूठ भरून माझ्या डोक्यावर हाणली. "तीस वर्षं माझं गाणं खाल्लंस, मेल्या!" आणखी एक मूठ. "आन् त्या बिचाऱ्या गाणाऱ्याला मी किती नावं ठेवली! त्याचं पाप बी तुझ्याच डोक्यावर." ती हसत होती, मूठ भरत होती, आणि डोळेही पुसत होती. दाजींनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला. "अगं, किलोचा भाव हाय त्याला, हाणू नको!"

मग दाजी माझ्याकडं वळले. "म्हंजे ते डफवालं गाणं तुम्ही घातलेलं व्हय?"

"हो."

"अरेच्चा! त्या कॅसेटीतलं मला तर तेवढंच समजायचं."

"तरीच!" अक्का म्हणाली. "दोघांची अक्कल एकाच बाजारातली. आता गप बसा, पाचवं लागलंय."

पाचवं, सहावं, सातवं, आठवं. मध्ये कुणी उठलं नाही. चौथ्यानंतर लगेच पाचवं आलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, चौथं तिथं का होतं. त्या दिव्यानंतरच पाचव्यातली पहाट येते. मी मधला रस्ताच खणून टाकला होता, आणि अक्का तीस वर्षं तिथून उडी मारून पलीकडं जात होती.

शेवटची गझल संपली. अक्का म्हणाली, "पुन्हा लाव. मी चहा टाकून येते, तोवर लावू नको." आणि कापूस झटकत आत गेली.

ती गेलेली बघून दाजी कापसातून माझ्याकडं सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हणं, एक काम करा. ते तुमचं डफवालं माझ्या मोबाइलात टाकून द्या. पण हिला सांगू नका."

मी मोबाइल हातात घेतला, पुन्हा खिशात ठेवला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "अक्का, जरा इकडं ये. दाजी काय मागताहेत ते ऐक."