कांड्या आणि अर्धी शाळा

थापा मारण्यात मंगळवार पेठेत माझा हात धरणारा कुणी नाही. माझ्या तासाला भिंतीवरच्या पालीसुद्धा शेपूट आवरून बसतात, ही त्यातली सगळ्यात बारकी. पण वीस वर्षं कबनूरच्या शाळेत इतिहास शिकवतोय, थापांनी कुणाचं वाटोळं झालं नाही. झालं ते एका खऱ्या गोष्टीनं.

आठवीतली एक मुलगी आठवडाभर आली नाही. ही अशी हुशार, की मी वर्गात फेकाफेक केली की हात वर करून पुरावा मागायची. तिच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत कापडाचे चार यंत्रमाग. आवाज इतका, की तिथं देव प्रकट झाला तरी त्याला खुणा करूनच वर द्यावा लागेल. वडिलांनी माग थांबवले, चहा मागवला. म्हणाले, हिच्या आईचं मनगट गेलंय, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या आता पोरगीच भरते.

मी कायदा सांगितला, चौदा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची. तो त्यांनी चहाबरोबर गिळला. मग मी विलायत काढली. म्हटलं, ज्या इंग्रजानं अर्ध्या जगाला कापड नेसवलं, त्याच्या गिरण्यांतही पोरंच तुटलेलं सूत सांधायची. शेवटी सरकारनं मालकांचा कान धरला. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. पुढं तर न येणारी पोरं हुडकायला एक माणूस दारोदार फिरायचा. त्याला मी झुपकेदार मिशा दिल्या, शिवाय एक कुत्रंही दिलं. वडील असे रंगले की चहावर साय धरली. मला वाटलं, जिंकलो.

ते म्हणाले, "सर, हे बेस झालं की. सायबाच्या देशात चालतंय, तर आमच्यात का न्हाय? पोरगी दुपारपतूर कांड्या भरंल, मग येईल शाळंला."

पुढची गोष्ट माझ्या ओठांवर होती. ती गिरणीतली पोरं वर्गात बाकावर डोकं टाकून झोपायची, आणि अखेर ही अर्ध्या दिवसाची सोयच कायद्यानं मोडून काढली. पण वाटलं, अख्खी शाळा मागायला जावं आणि पदरातली अर्धीही जावी. म्हणालो, "चालंल की."

ती यायची. जेवणाच्या सुट्टीनंतर, केसांत सुताची कुसं घेऊन. माझ्या तासाला झोपायची. मी काहीही फेकलं तरी पुरावा मागायला कुणी उरलं नव्हतं. हजेरीपटावर मात्र मी तिला रोज पूर्ण दिवस हजर मांडत होतो. त्यामुळं कागदावर तिचं काहीच बिघडलं नाही.

आठवी संपली, चौदावं सरलं, कायद्यानंही तिचा हात सोडला. नववीच्या वर्गात ती दिसली नाही, तेव्हा पुन्हा गेलो. या वेळी कुणी माग थांबवले नाहीत. वडील पलीकडच्या मागावर होते, त्यांनी नुसती मान हलवली. ती कांड्या भरत होती. हात चालूच ठेवून तिनं विचारलं, "सर, त्या विलायतेतल्या पोरी मोठ्या झाल्यावर पुढं शिकल्या का?"

"शिकल्या की," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. मला ते पुन्हा एकदा ओरडून सांगावं लागलं.