उजवा पाय पुढे

पडणाऱ्यांचे किस्से उभं राहणाऱ्यांच्या किश्शांपेक्षा भराभर साठतात. आम्ही ऑकलंडचे तीन मराठी स्नोबोर्डिंग शिकायला निघालो, तेव्हा तर एका हिवाळ्यातच ढीग झाला!

*

पहिल्याच दिवशी शिकवणारी पोरगी माओरी नमस्कार करत "किया ओरा" म्हणाली आणि तिने मागून मला धक्का दिला! मी उसळलो. "आयुष्यभर मोर्च्यांत पोलिसांचे धक्के खाल्लेत, आता तुझे का खाऊ?"

ती शांतपणे म्हणाली, "तोल सावरायला डावा पाय आधी टाकलात. म्हणजे बोर्डवर डावा पाय पुढे."

मला इतक्या कमी शब्दांत कुठल्या मंत्र्यानेही गप्प केलं नव्हतं.

*

मग मुकुंदा. न्यू लिन उपनगरातला फार्मसिस्ट, अबोल माणूस. धक्का दिल्यावर त्याचाही डावाच पाय पुढे आला. पण त्याच्या बोर्डचे पट्टे उजवा पाय पुढे ठेवण्यासाठी बसवलेले. बोर्ड त्याच्या मुलीचा, सईचा. ती मागच्या उन्हाळ्यात आजारपणात गेली.

"स्क्रूड्रायव्हर आणते," पोरगी म्हणाली. "दोन मिनिटांत फिरवू."

"नको. तिने लावलेत. मलाच उलटं शिकव."

*

गुडघे वाकवायचे, टाचांवर भार देऊन थांबायचं, जायचं तिकडे बघायचं. तंत्र एवढंच. पण मुकुंदा उलट्या पायावर, म्हणून सारखा आपटायचा. आयटीवाल्या तरुण शिरीषने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, "मुकुंदकाकांचं लोटांगण!"

मी भडकलो. "डिलीट कर! लाज वाटत नाही?"

"असू दे रे," बर्फ झटकत मुकुंदा म्हणाला. "सईचा पहिला व्हिडिओ अस्साच होता."

*

मुकुंदाची बायको, शैलावहिनी, दर वेळी यायच्या. खाली कॅफेबाहेरच्या बाकावर डोंगराकडे पाठ करून बसायच्या.

"वहिनी, बघायचंच नाही तर एवढ्या लांब येता कशाला?"

"चहाचा थर्मास कोण धरणार?"

*

सीझनचा शेवटचा रविवार. हेल्मेट, गॉगल, नाकापर्यंत मफलर. वरून येणारा माणूस कोण, ते ओळखूच येत नव्हतं. उजवा पाय पुढे, गुडघे वाकलेले, तो बोर्ड सरळ खाली येत होता. एकदाही न पडता!

शिरीषने शिट्टी मारली. वहिनींनी मागे वळून पाहिलं.

हातातला कप पडला. साध्या चपलांनिशी त्या बर्फात धावत सुटल्या.

"सई! हळू गं, पडशील!"

मुकुंदा त्यांच्यासमोर येऊन थांबला. त्याने गॉगल काढला नाही.