आधी रांजण, मग माणसं

गप्पीमामा घरात आले की आधी रांजणाला भेटायचे, मग माणसांना. दारात चपला काढल्या की रामराम नाही, खुशाली नाही, सरळ न्हाणीकडे. खिशातून दाढी करायचा गोल आरसा काढायचे, अंगणातलं ऊन त्याच्यावर झेलायचे आणि ती तिरीप रांजणाच्या पोटात सोडून वाकून बघत राहायचे. पाण्यात डासांच्या अळ्या असल्या की त्या उजेडात वळवळताना दिसतात, हे मला पुढे कळलं. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या महिन्यात मात्र मला वाटलं, हा बाप्या भलताच हौशी दिसतो, लोकांच्या न्हाणीत जाऊन आरशात तोंड बघतो. मी सासूबाईंना तसं म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, “तोंड बघण्याजोगं असतं तर समजलं असतं माय!”

ते हिवताप खात्यातले आरोग्यसेवक. आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडे, आणि तेव्हा आमचा जिल्हाही परभणीच होता, हिंगोली मागाहून वेगळी झाली. दर महिन्याला त्यांचा फेरा ठरलेला. घरोघर ताप विचारायचा, ताप असलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि पाण्याची भांडी तपासायची. गाव त्यांना ‘मलेरियावाला’ म्हणे. मी नवी सून, मला नाव घेऊन हाक मारता येईना. एकदा बोलता बोलता निघालं की त्यांचं गाव कनेरगाव नाक्याकडचं आणि माझं माहेरही तिकडचंच. “मंग तुमी बहीणच झाल्या की माझी,” ते म्हणाले आणि विषय संपला. मी त्यांना भाऊ म्हणू लागले, माझी लेकरं मामा, आणि त्यांच्या मागे गावातली सगळीच लेकरं मामा म्हणू लागली. शेवटी शेवटी तर त्यांच्याहून वयाने मोठे असलेले सरपंचही त्यांना बेधडक मामा म्हणत. नावातले गप्पी आले ते माशांमुळे. ती गोष्ट पुढे सांगते.

आठवड्यातून एक दिवस घरातलं सगळं साठवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि भांडी कोरडी करायची, असा सरकारचा हुकूम होता. ज्याने तो काढला त्याने आमच्या गावची विहीर बघितली नसावी. उन्हाळ्यात अर्धा डोंगर उतरून पाणी आणायचं आणि ते मोरीत ओतायचं, हे कुठली बाई ऐकून घेईल? मामांनाही ते पटायचं नाही. “जिनं डोक्यावर आणलं तिला सांड म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई,” म्हणायचे. मग ते स्वतः बाह्या वर करून बसायचे. जुन्या धोतराचं दुहेरी फडकं घागरीच्या तोंडाला बांधायचे, रांजणातलं पाणी तांब्या तांब्याने त्यातून गाळून घ्यायचे, रिकामा रांजण नारळाच्या शेंडीने घासायचे आणि तेच पाणी पुन्हा आत. एक थेंब वाया जायचा नाही, पण माणूस कोपरापर्यंत भिजलेला. सासूबाई उंबऱ्यावर बसून हुकूम सोडत, “बुडाला घासा नीट, तिथंच बुरा बसतो.” सरकारी माणूस आहे याचा त्यांना पत्ताच नसे. मामाही मुकाट्याने बुड घासत.

झाकण नसलेला रांजण दिसला की त्यांचा आवाज मात्र चढायचा. “हे उघडं ठिवलं म्हंजी डासाला दिलं!” एवढं एकच वाक्य, पण असं ठासून म्हणत की चोरी पकडल्यासारखं वाटायचं. मी एकदा चिडून विचारलं, “भाऊ, तुमच्या घरचा रांजण तरी झाकलेला असतो का हो?” ते एकदम मवाळ झाले. “काय सांगू ताई. आख्ख्या तालुक्याचे रांजण घासले, पण घरी माझी डाळ शिजत न्हाई. आमची मंडळी लई जिद्दी. म्या झाकावं अन् तिनं उघडावं. दर खेपेला भांडण.” आम्ही सासू-सुना पोट धरून हसलो. त्यानंतर दर महिन्याला सासूबाई चहाबरोबर हा प्रश्न द्यायच्याच, “काहो, झाकला का रांजण तुमच्या लक्ष्मीनं?” आणि मामा बशीतला चहा फुंकत मान हलवायचे.

आता मासे. डासांच्या अळ्या खाणारे हे नखाएवढे गप्पी मासे मामा ॲल्युमिनियमच्या दुधाच्या किटलीत घेऊन फिरत. किटलीच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली, आणि किटली सायकलच्या मुठीला अडकवलेली. नवखी माणसं त्यांना दूधवाला समजून भांडं घेऊन पुढे येत. त्यात मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात माशांची किटली, म्हटल्यावर पारावरच्या मंडळींना आयतंच सापडलं. “काय मामा, आज रस्सा का सुक्कं?” ते शांतपणे म्हणत, “खाणारा मी न्हाई बाबा, खाणारे हेच हायत.” विहिरीत, हौदात, देवळामागच्या कुंडात ते मासे सोडत आणि पुढच्या महिन्यात ते वाढले की नाही हे बघायला त्याच आरशाने डोकावत.

आमच्या अंगणात सासऱ्यांनी बांधलेला मोठा सिमेंटचा हौद होता. मामांनी तो पहिल्याच वर्षी हेरला. सावलीत होता, तळाला शेवाळ होतं. “ताई, हा हौद मला द्या. इथं हे वाढतील, इथून मी गावोगाव नेईन. माशायचं माहेर समजा.” सासूबाईंनी नाक मुरडलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण माहेर म्हटल्यावर मला नाही म्हणवेना, आणि मामांनी ते बराबर ओळखलं होतं. तेव्हापासून हौद त्यांचा. महिन्याच्या फेऱ्यात ते फडक्याने थोडे मासे धरून किटलीत घालायचे. सासूबाई तिकडे पाठ करून बसायच्या आणि घरात नसलेल्या वासाने पदर नाकाला लावायच्या.

त्यांच्या फेऱ्याचं शेवटचं ठिकाण म्हणजे माळावरचा तांडा. तिथली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परतायची. येताना कुणी ना कुणी अंगात ताप घेऊन यायचं, आणि पाऊस पडून डास झाले की तो ताप घरोघर फिरायचा. तांड्यावर पाण्यासाठी एक मोठी टाकी बांधलेली होती, उघडी. एका वर्षी श्रावणात तिथल्या लच्छीला थंडी वाजून ताप भरला आणि सातव्या महिन्यात तिचं पोटातलं लेकरू गेलं. पहिलटकरीण होती. मामा त्या दिवशी आमच्याकडे आले ते रांजणाकडे न जाता ओट्यावरच बसले. चहा निवून गेला तरी उचलला नाही. “टाकीत मासे सोडायचे व्हते मागच्याच फेऱ्यात. किटलीत उरलेच न्हाईत, म्हणून पुढच्या फेऱ्यावर ढकललं,” एवढंच म्हणाले. मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी लच्छीला पुन्हा दिवस राहिले. त्या दिवाळीनंतर सासूने नवरा-बायको दोघांनाही ऊसतोडीला पाठवलं नव्हतं. मामांनी तिच्या दारात उभं राहून शब्द दिला, “पोरी, पावसाच्या आधी तुझ्या टाकीत मासे असतील. हा मामा सांगून राहिला.” आणि नेमका त्याच उन्हाळ्यात दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, कुंड आटलं, जिथे जिथे म्हणून मामांनी मासे सोडले होते तिथे चिखल राहिला. आसपासच्या गावांत मासे उरले ते आमच्या हौदात, आणि हौदातलं पाणीही वीतभर. गावात टँकर येऊ लागला. आमच्या वाट्याच्या घागरींतून एक घागर मी रोज हौदात ओतायची. सासूबाई कडकड बोटं मोडायच्या. “माणसायला प्यायला न्हाई अन् ही माशायला पाजून राहिली!” मी न ऐकल्यासारखं करायची. लच्छी एकदा तांड्यावरून चालत आली, हौदाच्या काठाला हात टेकून बघत राहिली. “एवढुशे तर हायत,” ती म्हणाली. पोटावर पदर ओढून घेतला आणि हळूच विचारलं, “जगतील नं?” मी म्हटलं, “जगतील की.” मला तरी कुठे ठाऊक होतं?

मग तो घोळ झाला. पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस, स्वभावाने अगदी भला. टँकरचं पाणी लोक साठवून पितात, गावात जुलाब लागू नयेत, म्हणून त्याने घरोघरच्या हौदांत पाणी शुद्ध करायची पांढरी पावडर टाकायला घेतली. आमच्याकडे आला तेव्हा मी टँकरच्या रांगेत होते. त्याने मोठ्या आपुलकीने आमच्या हौदात जरा जास्तच टाकली. मी परत आले तर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. पावडर माणसांना तारते आणि माशांना मारते, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मामांचा फेरा होता. ते आले, किटली घेऊन सरळ हौदाकडे गेले. आरसा काढला आणि तसाच परत खिशात ठेवला. पाणीवाल्याचं नाव मी घेतलं तर म्हणाले, “त्यानं त्याचं काम केलं, ताई. आमची दोघायची कामं एकमेकायला आडवी आली.” मग किटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिले. “तांड्यावर काय तोंड दाखवू?” असं जेव्हा ते म्हणाले, तेव्हा माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सासूबाई आतून आल्या. खांबाला धरून उभ्या राहिल्या. “परसात निंबाखाली गळका माठ हाय,” त्या दुसरीकडेच बघत म्हणाल्या. “त्यात हायत थोडे.” आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. “काय बघून राहिले? झाडं वाळली, हौदावर दुपारचं ऊन यायला लागलं व्हतं. पाणी तापलं तर मरतील म्हणून काढले थोडे परवा. गळका माठ, तसाबी काय कामाचा?” माठाला खालून चिंधी आणि मेण लावून भोक बुजवलं होतं. वरून ओलं पोतं. आत ते चिमुकले मासे मजेत फिरत होते. ज्या बाईने इतकी वर्षं नाकाला पदर लावला, तिने ते हाताने धरून काढले होते! मामांनी आधी आरशाने माठात पाहिलं आणि मग वाकून सासूबाईंच्या पायाला हात लावला. त्या चटकन मागे सरल्या. “माशाचे हात लावू नका मला,” म्हणाल्या.

पाणीवाल्याला तिथे पावडर टाकू नको असं बजावून मामांनी त्याच संध्याकाळी मासे तांड्याच्या टाकीत सोडले; तिथेही आता टँकर येत होता. पावसाळ्यापर्यंत टाकीत त्यांचा सुळसुळाट झाला. मामांनी फवारणीही करून घेतली, ऊसतोडीहून आलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, आणि भिंतीवरचं औषध महालक्ष्म्यांच्या सणासाठी कुणी सारवून टाकू नये म्हणून घरोघर हात जोडले. त्यातलं कामाला काय आलं ते देव जाणे. तांड्यावर ताप आला, पण थोडक्यात निभावलं. लच्छीला दसऱ्याच्या सुमारास मुलगी झाली. मामा बघायला गेले तेव्हा सवयीने आधी टाकीत डोकावले, तर लच्छी दारातूनच ओरडली, “मामा, आज तरी आधी माणसाला भेटा!” हे त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी तितकेच हसले.

पुढे जिल्हा वेगळा झाला, मामा निवृत्त झाले. शेवटच्या फेऱ्यात रांजण घासून झाल्यावर किटली आमच्या ओट्यावर ठेवली. “नवा माणूस आला तर द्या.” नवा माणूस मोटरसायकलवर आला. त्याला किटली अडकवायला जागा नव्हती. ती आमच्याकडेच राहिली.

काही वर्षांनी मामा गेल्याचा निरोप आला. भाऊ मानलेला, मी भेटायला गेलेच पाहिजे होतं. काय सुचलं कोण जाणे, हौदात पुन्हा वाढलेले थोडे मासे किटलीत घेतले आणि कनेरगाव नाक्याला उतरेपर्यंत ती मांडीवर धरून एस्टीत बसले. घरी माणसं सतरंजीवर बसलेली होती. पण दारातच रांजण दिसला आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. तोंडाला दुहेरी फडकं घट्ट बांधलेलं, वर झाकण, झाकणावर दगड.

वहिनी उठून आल्या. “तुमी हौदवाल्या ताई नं?” मी मान हलवली. न राहवून म्हटलं, “भाऊ तर म्हणायचे, तुम्ही झाकूच देत नाही.”

त्या रांजणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. “मीच मुद्दाम उघडा ठिवत व्हते, ताई. हे महिनाभर गावोगाव फिरायचे, लोकाच्या लेकरायसंगं बोलायचे. घरी आले की गप. रांजण उघडा दिसला की मात्र बोलायचे माझ्यासंगं. भांडायचे, घासायला बसायचे, मंग च्या मागायचे. आता झाकून टाकला. उघडा ठिवून कोण बोलून राहिलं मला?”

आम्ही दोघींनी किटली परसातल्या हौदात रिकामी केली आणि काठाशी बसून राहिलो.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. तहान लागली होती. रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, प्यायले आणि तशीच ओट्यावर टेकले. सासूबाईंना आता दिसायचं कमी झालं होतं, पण झाकण ठेवल्याचा आवाज आला नाही हे त्यांना बाजेवरूनच कळलं.

“काहून गं,” त्या ओरडल्या, “उघडं ठिवलं म्हंजी डासाला दिलं!”

मी उठले, झाकण ठेवलं आणि तिथेच रांजणाला धरून रडले.