रातचं रातीत

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. नंदूला अर्धं माहीत होतं, तोही आता नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढे मी आजही तोंडात मिठाची गुळणी धरून बसेन, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा धाडस वगैरे काही समजू नका. ज्याला ऐकवायला हवं होतं तो बाळाराम राहिला नाही. आता बोलायला काय जातंय?

कुठून सुरू करू? सशापासून करतो. ससा सोपा आहे.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी मानपाड्याच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होतो. डोंबिवली पूर्वेला एक खोली, नवीन लग्न. माझा मामा खडवलीच्या पुढे, नदीपलीकडच्या एका गावात राहायचा. भात कापून झालं की तिकडे त्याच ओलीवर वाल पेरतात. वाल कोवळा असला की रात्री त्यात ससे उतरतात, आणि सशांमागे माणसं. लहानपणी मामानेच मला ही शिकार शिकवली. बंदूक-बिंदूक काही नाही. डाव्या हातात बत्ती, उजव्या हातात काठी, कमरेला एक लहानशी घंटा. चालताना ती सारखी किणकिणत ठेवायची, म्हणजे पावलांचा आवाज तिच्यात बुडतो. ससा उजेडाकडे बघत बसून राहतो, बिचारा. तेव्हाही हे कायद्यात बसत नव्हतंच. पण गावात कोण विचारतंय?

आता त्या रानातली एक रीत सांगतो. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रात्री शेतात समोरून दुसरी बत्ती दिसली, तर घंटा मुठीत धरायची आणि बत्ती जमिनीकडे झुकवायची. समोरचाही तेच करतो. कोणी कोणाच्या तोंडावर उजेड मारत नाही, कोणी नाव विचारत नाही. बाजूने निघून जायचं. आणि दुसऱ्या दिवशी पारावर तोच माणूस भेटला, तरी काल तुला पाहिलं असं म्हणायचं नाही. कोण कोणाच्या शेतात शिरलेला असतो, कोण घरी न सांगता आलेला असतो. 'रातचं रातीत ऱ्हावं,' असं मामा म्हणायचा. तिथली सगळीच म्हणायची.

त्या शनिवारी माझी दुसरी पाळी होती, दुपारी साडेतीन ते रात्री बारा. मी गेलोच नाही. माझं कार्ड माझ्याच पाळीतल्या नंदूने पंच केलं, येतानाचंही आणि जातानाचंही. आमच्यात ते चालायचं — आज तू माझं, उद्या मी तुझं. फोरमन शनिवारी निम्मा वेळ कँटीनच्या मागे पत्ते कुटत असायचा. म्हणजे कागदोपत्री मी मध्यरात्रीपर्यंत मशीनवर होतो, आणि प्रत्यक्षात मामाच्या वालात.

माझी बत्ती मी आणि नंदूने कारखान्यातच बनवलेली. स्कूटरचा दिवा, खाली पत्र्याचा डबा, बॅटरी पिशवीत घालून खांद्याला. दिव्याच्या काचेला मधोमध तडा गेलेला, त्यामुळे उजेडात वरून खाली एक काळी रेघ पडायची. अशी बत्ती पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

अकराच्या सुमाराला बांधापलीकडे घंटा ऐकू आली. मी माझी धरली. पलीकडची थांबली. पलीकडे कंदील होता, त्याला पत्र्याची झडप बसवलेली. ती पडली आणि उजेड पायापुरता राहिला. सगळं रीतीप्रमाणे. पण त्या माणसाची उभं राहायची ढब मला ओळखीची वाटली आणि मी गाढवासारखं बत्ती सरळ त्याच्या तोंडावर मारली.

बाळाराम होता. आमच्याच कारखान्यात स्टोअरला मदतनीस. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, त्याच भागातला, रोज गाडीने ये-जा करायचा. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. डोळ्यांवर हात घेऊन तो हसायला लागला. "सुऱ्या, ही बत्ती हाय का ट्रक रे?"

आम्ही बांधावर बसलो. बिडी ओढली. त्याने माझं घड्याळ उजेडात धरायला लावलं, अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. ह्याच्या पुढे ससा मिळत नाय, म्हणाला. त्याच्याकडे दोन होते, माझी पिशवी रिकामी. निघताना त्याने एक माझ्या पिशवीत टाकला. "बायकोला सांग, तूच मारलास." मी तसंच सांगितलं. रविवारी दुपारी आम्ही तो भाकरीबरोबर खाल्ला, आणि ती माझं कौतुक करत होती. तिला सहावा महिना होता.

तुम्हाला वाटत असेल, एवढंच? सशाची थाप? नाही. थांबा जरा. मला इथपर्यंत यायला तीस वर्षं लागलीत.

सोमवारी कळलं, शनिवारी रात्री स्टोअरमधून तांब्याची तार गेली. चांगली टेम्पोभर. कुलूप तोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं. वॉचमन म्हणाला, अकराच्या फेरीला कुलूप जागेवर होतं, बाराच्या फेरीला नव्हतं. किल्ल्या दोन. एक साहेबाकडे, एक बाळारामकडे. साहेबावर कोण संशय घेणार? बाळारामला त्याच दिवशी गेटबाहेर ठेवला.

तो म्हणाला, मी रात्री शेतात होतो, सशाला गेलेलो. ऑफिसात हसले सगळे.

मला काय करायचं होतं, सांगा. एक वाक्य बोलायचं होतं. साडेअकराला हा माणूस माझ्याशेजारी बांधावर बिडी ओढत होता. बास. खडवलीहून मानपाड्याला यायचं, कुलूप काढायचं, टेम्पो भरायचा, हे बाराच्या आत देवालाही जमलं नसतं. पण ते वाक्य बोललो की पुढचा प्रश्न ठरलेला — मग तुझं कार्ड बाराला कोणी पंच केलं?

माझी नोकरी गेली असती. नंदूचीही. मी स्वतःला सांगायचो, मी नंदूला वाचवतोय. त्याची आई अंथरुणाला होती, हेही स्वतःला सांगायचो. माणूस स्वतःच्या कातडीवर दुसऱ्याचं पांघरूण किती सहज घालतो ना?

चौकशी बसली. बाहेरचा एक वकील आलेला. चौकशीत कामगाराला सोबत एक सहकारी घेता येतो, शेजारी बसायला, कागदांवर सही करायला. बाळारामने माझं नाव दिलं. आणि मी बसलो. चोर ठरवलेल्या माणसाच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं. त्यामुळे सगळा कारखाना माझी पाठ थोपटत होता — मित्र असावा तर असा. पुढच्याच वर्षी पोरांनी मला युनियनच्या कमिटीवर निवडून दिलं, ते ह्याच जोरावर.

वकिलाने विचारलं, रात्री शेतात तुम्हाला कोणी पाहिलं?

बाळाराम म्हणाला, "पाहिलं."

"कोणी?"

"त्ये नाय सांगायचं. आमच्यात तशी रीत हाय."

वकिलाने पेन खाली ठेवलं. नाव सांगितलं तर नोकरी वाचेल, हे त्याने दोनदा समजावलं. माणूस वाईट नव्हता तो. बाळाराम टेबलाकडे बघत राहिला. माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागून होता. मी तो मागेही घेतला नाही. 'साक्षीदाराचे नाव सांगण्यास नकार' असं टाइप झालं, आणि त्याच्या सहीखाली मी माझी सही केली. सुवाच्य, पूर्ण नावाने.

त्याला काढून टाकलं. तो खडवलीकडे एका वीटभट्टीवर लागला. थोरल्या मुलीची सोयरीक ठरलेली होती, भिवंडीच्या बाजूची. बाप चोर निघाला म्हणून ती मोडली. त्याची बायको हिवाळ्यात वालाच्या शेंगा घेऊन डोंबिवलीच्या बाजारात बसायची, ती यायची बंद झाली. वर्षभराने कारखान्यात तशीच चोरी पुन्हा झाली, कुलूप किल्लीने उघडून. बाळाराम तेव्हा भट्टीवर विटा थापत होता. ह्यावरून कोणाला काही सुचलं नाही. सुचलं एकट्या मला, आणि मी तेव्हा कमिटीवर होतो — उठून बोलायचाच माझा हक्क होता. बोललो का? कँटीनच्या चहाबद्दल बोललो. चहा पातळ येतो म्हणून.

इथवर मी स्वतःलासुद्धा गोष्ट अशीच सांगत आलोय. तो रीतीचा पक्का, त्याने आपणहून नाव घेतलं नाही. मी भित्रा, मी गप्प राहिलो. भित्रेपणाचं काय, माणूस असतो भित्रा. ह्या गोष्टीत मी लहान दिसतो, पण नीच दिसत नाही. म्हणून ती मला चालत होती.

खरं असं नाही झालं.

चौकशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्याला गाठलं. डोंबिवली स्टेशनबाहेर, पुलाखाली. तो साहेबाला विनवायला आलेला आणि गेटवरूनच परत चाललेला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, मी सांगायला आलोय की उद्या बोलतो म्हणून. तो हात पुढे करूनच आला माझ्याकडे. आणि मी त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणालो — माझी बायको पोटुशी आहे, नंदूची आई आजारी आहे. बाळाराम, तुमच्यात रीत आहे ना? रातचं रातीत राहू दे.

त्याचीच रीत मी त्याच्या गळ्यात अडकवली. ती रीत मी स्वतः त्या रात्री मोडलेली, त्याच्या तोंडावर उजेड मारून. तो ती मोडणार नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो शब्द मी वाटेत घोकत आलो होतो.

त्याने हात सोडवून घेतला. मग म्हणाला, "बरं." आणि जाता जाता वळून म्हणाला, "उद्या बाजूला तरी बस. एकला बसाया कसंसंच वाटतं."

माझं नाव त्याने का दिलं, कळलं ना आता?

दोन हिवाळे मी मामाकडे गेलो नाही. मुलगा लहान आहे, असं सांगायचो. तिसऱ्या वर्षी मामा आजारी पडला, बघायला गेलो. बरं वाटत होतं त्याला, म्हणाला, बत्ती घेऊन एक फेरी मारून ये, वालात लई ससे उतरतात. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. आणि खरं सांगू — मला जावंसंही वाटत होतं.

वालाच्या कडेकडेने चाललो होतो. समोर घंटा वाजली. मी माझी मुठीत धरली. समोरची थांबली. कंदिलाची झडप पडली. ती ढब मी अंधारातही ओळखली असती.

माझ्या उजेडातली काळी रेघ त्याच्या पायाशी पडलेली. माझी बत्ती तो ओळखत नव्हता असं कसं म्हणू? रीतीप्रमाणे मी फक्त बत्ती झुकवायची होती. मी ती विझवूनच टाकली. अंधारात उभा राहिलो, श्वास धरून, म्हणजे मी नाहीच असं त्याला वाटावं. दहा पावलांवर त्याचे दोन पाय दिसत होते, चिखलाने भरलेले, उघडे. मला ओरडायचं होतं, मला त्याचे ते पाय धरायचे होते. मी तसाच उभा राहिलो.

त्याने नाव घेतलं नाही. शिवी दिली नाही. कोणाही वाटसरूला सांगावं तसं म्हणाला, "म्होरं विहीर हाय. कठडा ढासळलाय. बत्ती लावून जा."

मग त्याची घंटा वाजायला लागली आणि बांधाबांधाने लांब गेली. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत मी हललो नाही. मग बत्ती लावली.

विहीर चार पावलांवर होती.