हबशी द्राक्षाची उघडी मुळं

पोलीस ॲक्शन संपली आणि आमच्या प्लाटूनला तुळजापूरपलीकडे, पळून गेलेल्या एका जहागीरदाराच्या बागेत कॅम्प लावायचा हुकूम मिळाला. रझाकारांनी हत्यारं पुरून ठेवल्याच्या खबरा रोज येत. आम्ही विहिरीत गळ टाकले, कडब्याच्या गंजीत संगिनी खुपसल्या. सुभेदारसाहेबांचा तर बागेतल्या कोंबडीवरही भरवसा नव्हता. खरं सांगतो, माझाही नव्हता.

बागेत एकच माणूस उरला होता, म्हातारा माळी इस्माईलचाचा. पांगाऱ्यावर चढवलेले द्राक्षाचे जुने वेल तो सांभाळायचा. काळं, जाड सालीचं, बोटं रंगवणारं द्राक्ष, नाव हबशी. त्याचा आजा सांगायचा, हा वेल इराणातून दौलताबादला आला आणि तिथून इथं. जहागीरदार त्याची लाल शराब मुरवायचा. हे ऐकून आमचा संशय वाढलाच.

एका सकाळी पेट्रोलिंगहून परतलो तर वेलांच्या बुडाशी ताजे खड्डे. एका खड्ड्यातली माती रक्तानं काळी पडलेली. सुभेदारसाहेबांनी चाचाला गुडघ्यांवर बसवलं. दोन रायफली त्याच्यावर रोखल्या गेल्या.

"काय पुरलंस?"

"कायबी न्हाय, साब. ह्यो थंड मुलखाचा येल. हितं थंडी न्हाय, मग झोपतच न्हाय. जडं उघडी करून ऊन दिलं की झोपतो. मग बकऱ्याचं रगत आन् खत. झोपल्याबिगर फळत न्हाय."

"झाड झोपतं म्हणे! कुदळी आणा. सगळे वेल उपटा."

"ह्याच्याबिगर मला कोन न्हाय, साब." चाचा रडू लागला.

मला त्याचं एक अक्षर पटलं नव्हतं. तेवढ्यात लान्स नाईक मारुती पुढं झाला. माकणीच्या शेतकऱ्याचा मुलगा, सोलापूरला जाऊन भरती झालेला.

"साहेब, मलाबी खरं वाटत न्हाय. पर कुदळ नगं. हातानं बघतो. उपटलेला येल परत चिकटत न्हाय."

"आणि हत्यार निघालं तर?"

"माजी फीत काढून घ्या."

ती फीत नुकतीच मिळाली होती. मारुती पोटावर आडवा झाला आणि एकेका मुळाभोवतीची माती बोटांनी चाचपू लागला. शेवटच्या वेलाशी त्याचा हात थांबला.

"कायतरी कडक लागतंय."

रायफलींचे बोल्ट खटकले. चाचानं डोळे मिटले. मारुतीनं ओढून काढला तो बकऱ्याचा खूर.

"शस्त्रसाठा, साहेब."

आम्ही हसलो. सुभेदारसाहेब हसले नाहीत, पण रायफली खाली आल्या.

"फळ कवा येतं, चाचा?" मारुतीनं हात झटकत विचारलं.

"शिमग्याला ये, बेटा."

शिमग्याआधीच आम्हाला सरहद्दीवर हलवलं. तिथं पेट्रोलिंगवर असताना मारुतीचा पाय सुरुंगावर पडला. वायरलेसवर एवढंच आलं: "एक जवान गेला. पेट्रोल पार्टी परत येतेय."

पुढच्या शिमग्याला रजा घेऊन मी बागेत गेलो. चाचानं माझ्या मागं रस्त्याकडं पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं पाठ फिरवली, बराच वेळ वेलाला धरून उभा राहिला. मग घड तोडून पळसाच्या पानात बांधून दिला. मी एक द्राक्ष चाखलं. आधी तुरट लागतं, गोडी मागून येते.

तो घड मी माकणीला मारुतीच्या आईकडं नेला, सगळं सांगितलं. तिनं एक द्राक्ष उचललं.

"ह्याच्यापायी फीत पणाला लावली व्हय त्यानं?"

"व्हय, आई."

"त्यानं खाल्लं व्हतं?"

"न्हाय."

हातातलं द्राक्ष तिनं परत पानावर ठेवलं.