आम्ही सेल्वमला शिकवलेलं मराठी

आमच्या गिरणीच्या सेल्वम मास्तरला मी शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात, वर्ध्याच्या एका दवाखान्यात. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवं अंग लुळं पडलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि सलाइनची सुई दोनदा उपसली म्हणून डावा हात पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेला. अकरा वर्षांत कमावलेली हिंदी आणि मराठी त्या एका सकाळी पुसली गेली होती, उरली होती फक्त तमिळ. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. उशाशी गिरणीतला जॉबर, म्हणजे यंत्रांचा मिस्त्री, दिलीप बसला होता. तो मला म्हणाला, "कूलर मागून राह्यले मास्तर." बाहेर ऊन नुसतं आग ओतत होतं, त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं. आम्ही दोघांनी कूलर ओढून पलंगाला भिडवला, त्यात पाणी भरलं आणि झोत थेट त्याच्या छातीवर केला. त्यानं तोच शब्द आणखी जोरानं म्हटला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आम्हाला वाटलं, बरं वाटलं बिचाऱ्याला... दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याचा मुलगा कोईमतूरकडच्या गावाहून दीड दिवसाचा प्रवास करून पोचला तेव्हा प्रेत बर्फावर होतं. दिलीपनं मोबाइलवर घेतलेला बापाचा आवाज त्याला ऐकवला. मुलानं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग हिंदीत म्हणाला, "कूलर नहीं, कुळिर बोल रहे हैं. ठंड लग रही है, बोल रहे हैं."

तो रक्तस्रावानं गेला, थंडीनं नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा विचारलं होतं.

वडनेरजवळच्या आमच्या सूतगिरणीत तो स्पिनिंग मास्तर म्हणून आला, तेव्हा त्याला हिंदीचे दहा-बारा शब्द येत असतील. मी टाइम ऑफिसात, हजेरीच्या टेबलावर होतो, अजूनही आहे. घर अल्लीपूरला, शेती भावाकडे. गिरणीत निम्मी माणसं आमच्याकडची, मुली ओडिशाच्या, कापूस फोडणाऱ्या खात्यातली पोरं बिहारची, आणि या सगळ्यांवर हा एकटा तमिळ माणूस. बायको-मुलगा गावी ठेवून क्वार्टरमध्ये राहायचा. ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्यांची भाषा यायला हवी, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. रोज पाच शब्द शिकायचा. आमच्या तोंडात 'डोळा'चा 'डोया' होतो आणि 'काळा'चा 'काया'. त्याचा 'ळ' मात्र लख्ख, कारण तो त्याच्या भाषेतच होता. पोरांना याचंच हसू यायचं. आपली भाषा परका माणूस आपल्यापेक्षा स्वच्छ बोलतो, हे कुणाला रुचतं...

पहिल्याच पावसाळ्यात तो तापानं आठवडाभर पडला. पॅकिंगमध्ये रुक्मा नावाची एक विधवा बाई होती, वडनेरची. तिनं त्याला सहा दिवस घरून भाकरी आणि पातळ वरण आणून दिलं. बरा झाल्यावर त्याला तिचे आभार मानायचे होते, तेही मराठीत. त्यानं दिलीपला आणि त्याच्या दोस्तांना विचारलं, 'ताई, तुमचे उपकार विसरणार नाही' हे कसं म्हणायचं? त्यांनी त्याला दुसरंच वाक्य शिकवलं. ते वाक्य मी इथं लिहू शकत नाही. कुठल्याही बाईनं ऐकू नये असं ते होतं. दोन दिवस त्यानं ते पाठ केलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खात्री करायला माझ्याकडे आला, कारण पोरांपेक्षा त्याचा माझ्यावर भरवसा होता. टेबलासमोर उभं राहून, शाळेतल्या पोरासारखे हात मागं बांधून, त्यानं ते मला म्हणून दाखवलं आणि विचारलं, "सही है?"

दारामागं पोरं तोंडात रुमाल कोंबून उभी होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि मान डोलावली. एवढंच केलं मी.

दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर त्यानं रुक्मापुढं हात जोडले आणि ते वाक्य म्हटलं, एकही शब्द न चुकता. संध्याकाळी सायकल स्टँडवर रुक्माच्या दिरानं आणखी तिघांना घेऊन त्याला गाठलं. पुढचे दोन दात गेले, बरगडी मोडली. चौकशीचा कागद मीच लिहिला. 'भाषेच्या अपुऱ्या ज्ञानामुळे झालेला गैरसमज' असं त्यात घातलं आणि साहेबांनी सही केली. रुक्माला घरच्यांनी त्याच दिवसापासून कामावरून काढून घरी बसवलं. सेल्वमनं कुणाचंही नाव सांगितलं नाही. सुजलेल्या तोंडानं मला एकदाच विचारलं, "आपको मालूम था?"

मी नाही म्हणालो. त्यानं मान डोलावली... मी डोलावली होती अगदी तशीच.

त्यानंतर खात्यात त्याचं बोलणं बंद झालं. हजेरीपुरती हिंदी, बाकी सगळं हातांनी. सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमच्या आवाजात तसंही ओरडूनच बोलावं लागतं. दोन बोटं पिळली की धागा तुटला, तळहात खाली दाबला की मशीन थांबव, कोपर झटकलं की पंखा साफ कर. वर्षभरात ओडिशाच्या मुली, बिहारची पोरं, आमची पोरं, सगळी त्याच खुणांनी बोलू लागली. 'त्यानं काय म्हटलं' यावरून होणारी रोजची भांडणं थांबली, कारण कुणी काही म्हणतच नव्हतं. पुढं कंपनीनं पुण्याहून एक बाई बोलावल्या, वेगवेगळ्या प्रांतांच्या माणसांनी एकत्र काम कसं करावं यावर दोन दिवसांचं शिबिर घ्यायला. त्या खुणांवर फार खूश झाल्या. हे सुचलं कसं, असं त्यांनी सेल्वमला सर्वांसमोर विचारलं. तो म्हणाला, "आवाज़ बहुत है, मॅडम." टाळ्या पडल्या. या उपक्रमाचा अहवाल लिहिला म्हणून प्रशस्तिपत्र मला मिळालं. मी ते घेतलं, त्याच्याशेजारी उभं राहून फोटोही काढला.

आमची मैत्री होती, असं मी लोकांना सांगत आलो. रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा, माझ्या मुलीला गणित शिकवायचा. पण अकरा वर्षांत मी त्याला त्याच्या भाषेतला एक शब्द विचारला नाही. पाणी, भाकर, ऊन, थंडी... एकही नाही.

तो गेल्यावर आठवड्यानं मी वडनेरच्या बाजारात रुक्माला गाठलं. ती भाजी विकायला बसते. मी सगळं सांगितलं. वाक्य कुणी शिकवलं, मान कुणी डोलावली. मला वाटलं, शिव्या देईल. ती वांगी निवडत राहिली.

"मले तवाच समजलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "शिवी देनारा मानूस हात जोडते का? पन माह्या घरी माह्यं कोन आयकत होतं. तुमचं आयकलं असतं."

मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पंधरा दिवसांनी मुलगा आईला घेऊन क्वार्टर रिकामं करायला आला. तिला नवऱ्याचं खातं पाहायचं होतं. मी दोघांना आत नेलं. यंत्रांच्या रांगांतून हात हलत होते. तिनं मुलाकरवी अर्थ विचारले, मी सांगत गेलो, आणि तीही बोटं पिळून, तळहात दाबून पाहत होती. तेवढ्यात टोकाला उभ्या असलेल्या ओडिशाच्या एका मुलीनं दोन्ही हातांनी कमरेशी काहीतरी वर खोचल्यासारखं केलं आणि गुडघे फाकवून दोन पावलं टाकली. ही खूण सेल्वमची नव्हती, पोरांची होती. संध्याकाळी तो लुंगी दुमडून फाटकाबाहेरच्या दुकानात जायचा, त्याची नक्कल. 'मास्तरला बोलवा' असा तिचा अर्थ. पाठीमागं सुरू झाली, मग तोंडावर, आणि त्यानंही ती गुपचूप चालवून घेतली. ती मुलगी चार महिन्यांपूर्वी आलेली. ही कुणाची तरी थट्टा आहे हेच तिला ठाऊक नाही.

ही काय म्हणते, असं सेल्वमच्या बायकोनं विचारलं.

"बड़े आदमी को बुला रही है," मी मुलाला सांगितलं.

त्यानं तमिळमध्ये आईला सांगितलं. आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं पदर सावरला, दोन्ही हात कमरेशी नेले आणि हवेतली लुंगी हळूच वर खोचली, एकदा, मग पुन्हा एकदा. रांगेतल्या मुली वळून पाहू लागल्या. आणि पलीकडून, सेल्वमच्या जागी भिलवाड्याहून आलेला नवा मास्तर, आपल्यालाच बोलावलं असं समजून, लगबगीनं आमच्याकडे यायला निघाला.