अंगणातला ट्रक

सुर्ल्यात ज्याच्या अंगणात बंद ट्रक नाही तो माणूस बाहेरगावचा समजावा. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारे ट्रक राहिले. आमचाही राहिला. बाबा दर रविवारी त्याचं इंजिन चालू करत, दसऱ्याला झेंडूची माळ घालत आणि "खाण सुरू जातली मगे" असं सगळ्यांना ऐकवत. त्याच्या सावलीत आईचे कपडे मात्र कधी वाळत नसत.

कॉलेजने आम्हा काही जणांना महिनाभर पोर्तुगालला नेलं. वसतिगृहात मला एकटीला खोली मिळाली. खाट, टेबल, कपाटात चार हँगर. आईने कोंबलेली कोकमाची सोलं, सुकी सुंगटां म्हणजे कोळंबी आणि दोन उशा बॅगेतच राहिल्या. माझं काही म्हणता काही अडलं नाही. माणसाला किती कमी लागतं, हा शोध जगात पहिल्यांदा मलाच लागला, अशा तोऱ्यात मी परतले.

आल्या आल्या घर उपसायला घेतलं. गंजलेल्या बादल्या, जळका मिक्सर, तीन पायांचं टेबल. आई खूश होती, मी तिच्या जुन्या कुकरला हात लावेपर्यंत. मग भंगारवाल्याला ट्रकसाठी बोलावलं आणि बाबांना गरज आणि हौस यांतला फरक समजावून सांगितला. चांगला अर्धा तास.

बाबा चिडले नाहीत, हीच पंचाईत. चावी माझ्या हातात ठेवत म्हणाले, "इकूचो आसा तर इक, बाय. पण मगे मी बसू खंय?"

घरात खुर्च्या काय कमी होत्या? ट्रकची कागदपत्रं काढायला मी केबिनमध्ये चढले. सीटवर उशी, चष्मा, कालचा पेपर, चहाचा कप, छोटा पंखा. आमच्या दोन खोल्या, माणसं सात, दारं सताड उघडी. मी सहज ट्रकचं दार ओढून घेतलं. आईची हाक, भावाचा टीव्ही, सगळं बाहेर राहिलं.

आणि ती परदेशातली खोली आठवली. तिथे मला सुख कशाचं होतं? चार हँगरांचं? छे! पहिल्याच दिवशी मी दार लावलं होतं, आणि "काय करतंय गो?" विचारायला कुणी आलं नव्हतं. मी खाटेवर नुसती बसून राहिले होते. मजेत.

भंगारवाला आला. मी खाली उतरून त्याला मिक्सर आणि बादल्या दिल्या.

"आणि हा बंद ट्रक?"

"बंद कुठला," मी म्हटलं, "त्यात माझे बाबा राहतात."